आजीला गप्प बसवून मूल बोलत नाही

गेल्या पावसाळ्यात अनगोळहून एक कुटुंब माझ्या बेळगावच्या शहापुरातल्या क्लिनिकमध्ये आलं. साडेतीन वर्षांचा मुलगा, आई, वडील आणि आजी. वडील उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला, आई घरी ब्लाउज शिवते. आजी मूळच्या निपाणीकडच्या, मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. मुलगा खेळण्यांच्या टोपलीपाशी बसला आणि एकेक वस्तू उचलून म्हणू लागला, ‘रेड. ब्लू. एलिफंट. फाइव्ह.’ उच्चार अगदी स्वच्छ. पण मध्येच त्याला तहान लागली तेव्हा तोंडातून शब्द आला नाही. त्यानं आईचं मनगट धरलं आणि तिला पाण्याच्या बाटलीकडे ओढत नेलं.

मी आजींना म्हटलं, ‘तुम्ही त्याच्याशी थोडं बोला, मी ऐकते.’ आजींनी आधी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. ‘मला त्याच्यासमोर बोलू नको म्हणून सांगितलंय, मॅडम. मी बोलले की पोराचं डोकं गोंधळतंय म्हणे.’

आठ महिने त्या बाई स्वतःच्या घरात नातवासमोर गप्प होत्या. मुलगा उशिरा बोलतोय हे लक्षात आल्यावर नर्सरीच्या शिक्षिकेनं सांगितलं होतं, ‘घरात मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्लिश, म्हणून तो कन्फ्यूज होतो. एकच भाषा ठेवा.’ ज्या डॉक्टरांकडे ते लसीला जात, त्यांनीही मान डोलावली. एकच ठेवायची तर कोणती, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. शाळेची ती इंग्रजी.

लहान मुलांच्या वाचा-भाषा उपचाराचं काम बेळगावात करताना हा सल्ला मला जवळजवळ दर आठवड्याला ऐकू येतो. खानापूरच्या मराठी घरातून ऐकू येतो, गोकाकच्या कन्नड घरातून ऐकू येतो, कॅम्पातल्या उर्दू बोलणाऱ्या घरातूनही येतो. देणाऱ्याच्या मनात मुलाचं भलंच असतं. पण हा सल्ला चुकीचा आहे, त्याला शास्त्राचा आधार नाही आणि सीमाभागातल्या मुलांचं त्यानं मोठं नुकसान होतं आहे. बोलायला उशीर झालेल्या मुलाकडून त्याच्या घरची भाषा काढून घेऊ नये, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. आणि ते सांगायचं तर सरकारी व्यवस्थेबद्दल, आपल्या शाळांबद्दल आणि आपल्या भाषिक रागलोभाबद्दलही बोलावं लागेल.

घरची भाषा बंद केली की नेमकं काय होतं ते आधी पाहू. मी त्या आईला म्हटलं, ‘सकाळपासून त्याच्याशी काय काय बोललात ते आठवून सांगा.’ तिनं प्रामाणिकपणे सांगितलं: ‘कम, सिट, ईट, नो, वॉश हँड्स, गुड बॉय.’ दहावी मराठी माध्यमातून झालेल्या बाईची इंग्रजी इथपर्यंतच जाणार, त्यात तिचा काही दोष नाही. मग मी म्हटलं, ‘आता इथं भाकरी करताय असं समजा आणि त्याच्याशी तुमच्या भाषेत बोला.’ ती जरा लाजली, आणि मग बोलली: ‘बघ बघ, फुगली का नाही! थांब, हात लावू नको, चटका बसंल. ही आज्जीला नेऊन दे जा, आणि गरम हाय म्हणून सांग, काय?’

या तीन वाक्यांत काय काय आहे ते मोजून बघा. होऊन गेलेली गोष्ट आहे, पुढं होऊ शकणारी गोष्ट आहे, कारण आहे, धोक्याची सूचना आहे, तिसऱ्या माणसाला द्यायचा निरोप आहे, ‘फुगली’ मध्ये भाकरीचं स्त्रीलिंग आहे, आणि शेवटच्या ‘काय?’ मध्ये मुलाला उत्तराची जागा करून दिली आहे. हेच इंग्रजीत सांगायचं झालं असतं तर त्या आईकडे तीन शब्द होते: ‘नो. हॉट. गो.’ मूल भाषा शिकतं ते अशा भरल्या बोलण्यातून. आज्ञा आणि वस्तूंची नावं यांतून त्याला नावं येतात, भाषा येत नाही. म्हणून त्या मुलाला एलिफंट येत होता, आणि पाणी मागता येत नव्हतं.

पालक म्हणतात, ‘घरचं राहू दे मॅडम, तुम्ही थेरपीत शिकवा.’ त्यांना मी साधा हिशेब मांडून दाखवते. आठवड्याला दोन वेळा पाऊण पाऊण तास, म्हणजे दीड तास मूल माझ्याकडे. दिवसाचे बारा तास ते जागं असतं असं धरलं तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास. उरलेले साडेब्याऐंशी तास घर मुकं राहिलं तर माझ्या दीड तासानं काय होणार आहे? माझं निम्मं काम मुलाशी असतं आणि निम्मं घराला बोलतं करण्याचं असतं.

आता ‘दोन भाषांनी मूल गोंधळतं’ या समजुतीकडे येऊ. ही समजूत इथली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या इंग्रजीतून घेतल्या गेल्या, मुलं मागं पडली आणि निष्कर्ष निघाला की दोन भाषांचं ओझं मेंदूला झेपत नाही. चाचणी परक्या भाषेत होती आणि मुलं गरीब घरांतली होती, याचा विचार फारसा झाला नाही. १९६२ साली एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये दहा वर्षांची मुलं घेऊन हाच प्रश्न नीट तपासला, आर्थिक स्तर सारखा ठेवला, तेव्हा चित्र उलटं निघालं. त्यानंतरच्या साठ वर्षांत या विषयावर पुष्कळ काम झालं आहे. दोन भाषा ऐकल्यामुळे भाषाविकाराचा जन्म होत नाही, हे आज या क्षेत्रात वादाचं राहिलेलं नाही. डाउन सिंड्रोम किंवा ऑटिझम असलेल्या मुलांमध्येही दोन भाषांच्या घरात वाढल्यानं भाषा अधिक मागं पडते असं आढळलेलं नाही.

मोजण्यातही चूक होते. साधारण एक वर्षाच्या आसपास पहिला शब्द यावा, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडू लागावं, असे टप्पे आम्ही बघतो. दोन भाषांच्या घरात मुलाचे शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. आईकडे ‘पाणी’ आणि शेजारच्या कन्नड अज्जीकडे ‘नीरु’ म्हणणाऱ्या मुलाकडे दोन शब्द आहेत. आपण मराठीतलेच मोजले तर मूल उगाच मागं दिसतं. आणि दुधाला कन्नड शब्द वापरून ‘मला हालु पायजे’ असं एखादं पोर म्हणालं तर तो गोंधळ मानू नका. बेळगावच्या बाजारात उभं राहून दहा मिनिटं ऐका, मोठी माणसं असंच बोलतात. कुणाशी कोणती भाषा हे मूल हळूहळू माणसं बघून शिकतं.

या भागाला तर ही गोष्ट नवी नसावी. सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास करून १९७१ साली जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी दाखवलं की तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतकांच्या शेजारानं इतक्या जवळ आल्या आहेत की वाक्याची घडण एकच राहते आणि फक्त शब्द बदलतात. आपल्याकडेही कान दिला तर ऐकू येतं. निपाणीकडचा माणूस म्हणतो ‘जायलालोय’, म्हणजे ‘जायला लागलोय’. धारवाड-बेळगावचा कन्नड माणूस म्हणतो ‘होगाकत्तिनि’, त्याचीही घडण तीच, ‘जायला’ अधिक ‘लागणं’. म्हैसूरच्या कन्नडमध्ये ही रचना मिळत नाही. दोन भाषांनी एकमेकींच्या अंगणात बसून हे क्रियापद घडवलं आहे. अशा गावांत पिढ्यान् पिढ्या मुलं दोन-तीन भाषा ऐकत वाढली आणि बोलती झाली. त्याच गावांत आज आपण आजीला सांगतो की तू बोललीस तर पोराचं डोकं बिघडेल.

या सल्ल्याचं सर्वांत गंभीर नुकसान मात्र वेगळंच आहे. ‘दोन भाषांमुळे होतंय, येईल हळूहळू’ हे उत्तर मिळालं की तपासणी थांबते. माझ्याकडे चिक्कोडी भागातून एक मुलगी आली तेव्हा ती चार वर्षांची होती. आईचं माहेर मराठी, सासर कन्नड, म्हणून सगळ्यांनी धीर धरायला सांगितलेला. तिला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत होतं. जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यात श्रवणाची चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर पाळला जाणारा नियम आहे. आपल्या मेंदूतला भाषेचा पाया पहिल्या काही वर्षांत घातला जातो, म्हणून ही घाई. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, मिळतं, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी त्याला पाच वर्षांची मर्यादा आहे. त्या मुलीच्या हातात एक वर्ष उरलं होतं. तिच्या आईनं मला विचारलं, ‘आम्ही दोन भाषा बोललो म्हणून झालं का?’ चार वर्षं ती स्वतःला दोष देत होती. मी तिला हात धरून सांगितलं, ‘ताई, तिच्या कानापर्यंत एकही भाषा पोचली नव्हती.’

म्हणून बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची आधी कानाची तपासणी करा, ओएई (कानाचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद मोजणारी) आणि गरज पडल्यास बेरा (कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणारी). ही तपासणी होण्याआधी कुणी भाषेवर बोट ठेवलं तर त्याला थांबवा. नात्यात लग्नं होण्याची रीत आपल्या दोन्ही समाजांत आहे, आणि त्यामुळे आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. तिथं तर एक दिवसही दवडू नये.

वेखंड उगाळून जिभेवर लावणं, ज्याला कन्नड घरांत ‘बजे’ म्हणतात, किंवा पोपटानं टोचलेला पेरू खायला देणं, हे मी अजूनही ऐकते. जिभेखालची शीर कापून आणलेली मुलंही बघितली आहेत. शीर खरोखर आखूड असली तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण शब्दच न येणं हा जिभेचा आजार नाही. वेखंड जिभेवर घासू नका असं मी सांगते. मात्र वेखंड उगाळणाऱ्या जुन्या घरात त्या वेळी गाणी म्हटली जात होती, पोराशी दिवसभर बोललं जात होतं. आजचा सल्ला त्या बोलण्यावरच घाला घालतो.

मी म्हैसूरला शिकले. १९६५ साली सुरू झालेली तिथली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही या विषयातली देशातली मोठी संस्था. कन्नड उच्चारांची चाचणी १९७२ पासून आहे, मुलांच्या कन्नड भाषाविकासाच्या चाचण्याही त्यानंतर तयार झाल्या. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेली मी त्या चाचण्या कन्नडमध्ये घ्यायला शिकले आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. परत आल्यावर कळलं की म्हैसूरच्या मुलांवर बेतलेली चाचणी इथल्या कन्नड मुलालाही पूर्ण लागू पडत नाही, आणि मुंबई-पुण्याच्या मराठीवर बेतलेले तक्ते इथल्या मराठी मुलाला लागू पडत नाहीत. ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणारं मूल ‘ण’ चुकवतंय असं तक्ता सांगतो, पण त्याच्या घरात सगळेच ‘पानी’ म्हणतात. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून कन्नड आईचं मूल मराठीत ‘भाकरी झालं’, ‘भिंत पडलं’ म्हणतं. हा भाषेच्या शेजाराचा ठसा आहे. विकार असलेल्या मुलाच्या चुका वेगळ्या असतात, त्या दोन्ही भाषांत दिसतात. विकार आहे की नुसता फरक, हे ओळखण्याची खूणच ती आहे: खरी अडचण मुलाच्या प्रत्येक भाषेत उतरते. एकाच भाषेत तपासलं तर ही खूण कधीच सापडत नाही.

जांबोटीच्या रानातल्या एका गावची सहा वर्षांची मुलगी मला आठवते. शिक्षिकेनं चिठ्ठी दिली होती, ‘वर्षभर वर्गात एक शब्द नाही, मतिमंद असावी.’ शाळा तिच्या घरच्या भाषेत नव्हती. मी तिला चित्रकार्ड दाखवली, ती गप्प. मग मी तिला गव्याचं चित्र दाखवलं आणि तिच्या बोलीत विचारलं की हा रात्री भातात शिरला तर तुमच्याकडे काय करतात. ती पंधरा मिनिटं थांबली नाही. डबे कसे वाजवतात, आजोबा मशाल कशी धरतात, मागच्या वर्षी कुणाचा किती भात गेला, सगळं क्रमानं, कारणांसकट. तिला माझ्या उपचाराची गरज नव्हती. एका वर्षात कुणी तिच्या भाषेत एक प्रश्न विचारला असता तर तिच्या नावापुढं तो शब्द लागला नसता. तेव्हापासून माझी कार्डं मीच काढते: सूप, चूल, मडकं, गवा, उसाची ट्रॉली, काजूचं बोंड. विकतच्या कार्डांत बर्फाचा माणूस असतो, आणि तो ओळखला नाही म्हणून इथल्या मुलाचा एक गुण जातो.

माझ्या म्हणण्यावर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप शाळेचा. मूल इंग्रजी माध्यमात जाणार, मग घरी मराठी बोलून काय उपयोग? माध्यम निवडायचा हक्क पालकांचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितलं. तो हक्क मी नाकारत नाही. उसाच्या फडातून मुलाला बाहेर काढायचं म्हणून जो बाप इंग्रजी शाळेची फी भरतो, त्याला उपदेश करायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः मराठी शाळेत शिकले म्हणून इतरांनीही तेच करावं, असंही मी म्हणत नाही. पण शाळेची भाषा घरात आणणं ही दुसरी गोष्ट आहे. शाळा इंग्रजी शिकवील, ते तिचं काम. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं कन्नडही शिकवील. ज्या मुलाला एका भाषेत प्रश्न विचारता येतात, गोष्ट सांगता येते, ‘का’ म्हणता येतं, ते या दोन्ही भाषा घेतं. ज्याची एकही भाषा भरली नाही, त्याला त्या घेणं फार जड जातं.

दुसरा आक्षेप माझ्या व्यवसायातलाच, आणि त्यात तथ्य आहे. ज्या मुलाला जेमतेम पाच शब्द येतात, त्याच्यावर तीन भाषांचा मारा कशाला? खरं आहे, उपचाराच्या तासात मी एकाच भाषेतून सुरुवात करते. पण ती भाषा मी निवडत नाही. घरात जी सर्वांत जास्त बोलली जाते, जिच्यात आई रागावते, लाडात येते आणि झोपवते, ती मी घेते. बाकीच्या भाषांवर बंदी घालत नाही. वर राहणाऱ्या कन्नड अज्जीनं त्याला ‘बा, ऊट माडु’ म्हणून जेवायला बोलावलं तर तो जेवायला जाईल आणि दोन शब्द घेऊन येईल.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, तरी तो खोलीत असतोच. सीमाभागात घरची भाषा जपा म्हणणं हे राजकारण समजलं जातं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं झाली, आणि त्या तारखेला आमच्या शहराचा एक भाग उत्सव करतो, दुसरा काळा दिवस पाळतो. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मी या सगळ्यात वाढले, माझ्या घरातले लोक मोर्च्यांत गेले आहेत, आणि त्या दुःखाला मी लहान म्हणत नाही. पण माझ्या खोलीत येणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला सीमा ठाऊक नसते. मी कन्नड आईला कन्नडच बोला म्हणून तितक्याच आग्रहानं सांगते. एका मराठी आजोबांनी मला अभिमानानं सांगितलं होतं की नातवाला शेजारच्या कन्नड पोरांत खेळू देत नाही, भाषा बिघडते. तो नातू ऑटिस्टिक होता. त्याच्याशी खेळायला तयार असलेली जगात तीनच मुलं होती आणि ती तिन्ही कन्नड होती. त्या आजोबांशी मी भांडले. इतकं वाईट मला क्वचित वाटलं असेल.

आता सरकारकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकानं येऊन मुलं तपासावीत, आणि बघायच्या तीस स्थितींत भाषाविकासातला उशीरही आहे. सापडलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र उपचार केंद्राकडे जावं, तिथं वाचा-श्रवणतज्ज्ञ असावा. कागदावर चांगली योजना आहे. पण २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअठ्ठेचाळीस लाखांहून जास्त होती, आणि क्षेत्रफळानं तो राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अथणीच्या आईनं आठवड्यातून दोनदा बेळगाव कसं गाठायचं? जून २०२३ पासून बायकांना राज्याच्या बसनं फुकट जाता येतं, आणि त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या आयांची संख्या वाढली, हे मी डोळ्यांनी बघते. तिकीट वाचलं तरी दिवस जातो, मजुरी जाते, आणि खासगीत माझ्यासारखीला फीही द्यावी लागते. फी परवडत नाही म्हणून तीन महिन्यांनी बंद झालेली मुलं माझ्या वहीत आहेत, मी त्यांची पानं फाडलेली नाहीत.

कायद्यातही एक खाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत ‘वाचा व भाषा दिव्यांगता’ आहे. पण तिची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणं किंवा अफेजिया (मेंदूच्या इजेनं गेलेली भाषा) अशा कारणांनी आलेल्या कायमच्या दिव्यांगतेची आहे. ऐकू येतं, ऑटिझम नाही, बुद्धी ठीक आहे, तरी भाषा येत नाही, अशा मुलाला या व्याख्येत जागा सापडत नाही. त्याला दाखला नाही, आणि दाखल्यावर मिळणारं काहीच नाही. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, त्यावरून दोन्हीकडे बरंच वादंग झालं. ती योजना रुग्णालयातल्या उपचारांची आहे. वर्षभर चालणारा आठवड्याचा दीड तास तिच्यात बसत नाही. दोन राज्यं ज्यावर भांडली त्यात या मुलाच्या वाट्याला काहीच आलं नाही.

मला काय हवं ते सांगते. प्रत्येक तालुका रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी वाचा-भाषा उपचारक बसावा, आणि या जिल्ह्यात नेमताना त्याला इथल्या किमान दोन भाषांत मुलाशी खेळता येतं का हे बघावं. बारावीनंतर एका वर्षाचा श्रवण, भाषा व वाचा पदविका अभ्यासक्रम आहे. खानापूर, निपाणी, रायबाग, अथणीच्या मुली त्यासाठी निवडून पाठवल्या तर त्या परत येऊन आपापल्या बोलीत काम करतील. पथकाच्या तपासणी फॉर्मवर एक ओळ वाढवावी: घरात मुलाशी कोणती भाषा बोलतात? आणि तपासणी त्या भाषेत व्हावी. यात कुणाची अस्मिता दुखावण्यासारखं काही नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी द्याव्यात असं राज्यघटनेचं कलम ३५०-क १९५६ पासून म्हणतं. अजून शाळेतही न गेलेल्या, बोलूही न शकणाऱ्या मुलाला निदान तेवढं मिळावं.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक मागणं आहे. आपण खासगी खोलीत बसतो, पालक पैसे मोजून येतो, आणि तो म्हणतो, ‘इंग्लिशमध्ये शिकवा.’ त्याला नकार दिला तर तो दुसरीकडे जाईल ही भीती मला माहीत आहे, सुरुवातीच्या वर्षांत मीही एक-दोनदा मान झुकवली आहे. त्यातलं एक मूल मी अजून विसरू शकले नाही. त्याला रंग शिकवले, आकार शिकवले, आई-बाप खूश झाले, आणि ते मूल घरी पोट दुखतं हे सांगू शकत नव्हतं. पालकांनीही उपचारकाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा, आणि सोबत हेही विचारावं की आमच्या भाषेत काम कसं करणार.

अनगोळच्या त्या मुलाचं काम चालू आहे. पहिल्या दिवशी मी कागदावर एकच ओळ लिहून दिली होती, ‘आजींनी रोज त्याच्याशी बोलावं.’ पुढच्या आठवड्यापासून आजीच त्याला घेऊन येऊ लागल्या. मी टेबलाखाली चमचा लपवायचे आणि त्या ‘खंय गेला, खंय गेला’ करत शोधायच्या. ‘खंय’, म्हणजे ‘कुठं’, त्यांनी खानापूरच्या जावेकडून घेतलेलं, हे त्यांनीच मला सांगितलं. आता तो दोन-तीन शब्दांची वाक्यं करतो, मराठीत जास्त, त्यात अधूनमधून कन्नड ‘बेड’ (नको) आणि ‘साकु’ (पुरे) असतं. वयाच्या मानानं तो अजून मागंच आहे आणि आणखी वर्षभर तरी काम लागेल.

गेल्या महिन्यात नर्सरीतून पुन्हा निरोप आला, घरात इंग्रजीच बोला म्हणून. वडील म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही जे आम्हाला सांगता ते शाळेला लिहून द्या. आमचं कोण ऐकणार?’ मी पत्र लिहिलं, कानाच्या तपासणीचा अहवाल जोडला, दोन्ही भाषांतल्या शब्दांची यादी जोडली, खाली माझा नोंदणी क्रमांक घातला. इंग्रजीत, मराठीत आणि कन्नडमध्ये, तीन प्रती केल्या. मराठी प्रत आजींनी मागून घेतली आणि चौकोनी घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.